होडीचं बूच

९ मार्च, शनिवार

नाही, मी चिडलेलो नाही. माझा चेहराच तसा आहे. शेड माझी, ती मी दिली, स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं. आता कुरकुर कसली. फक्त एवढंच म्हणतो — शाळेत चांगला सुतारकामाचा वर्ग होता. रंधे होते, लेथ होतं, पोरांच्या केसांत भुसा असायचा. ते सगळं मोडीत काढलं. का, तर "बोटं कापतील." आणि आता त्याच शाळेची बाई माझ्या दारात उभी राहून म्हणते, "मर्विनकाका, मुलांना हातानं काहीतरी करायला मिळायला हवं." हवं ना. मग विकलंत कशाला?

बाईंचं नाव मिसेस कॉमो. विज्ञान शिकवतात. दर शनिवारी पोरं माझ्या शेडमध्ये येणार आणि इंजिनिअरिंग शिकणार. कशानं? पुठ्ठ्यानं. पुठ्ठा आणि चिकटपट्टी, दुसरं काही चालणार नाही. मे महिन्यात त्याच्या होड्या करून पोहण्याच्या तलावात शर्यत. ज्या शेडमध्ये मी आयुष्यभर डोऱ्या बांधल्या — चपट्या बुडाची साधी नाव, पण दोन माणसं आणि त्यांच्या उरावर मासळीचा ढीग घेऊन भर वादळातून परत यायची — तिथे आता फ्रिजची खोकी येऊन पडलीत.

वर नियम. मोठ्या माणसांचे हात खिशात. सांगायचं नाही, दाखवायचं नाही, हात तर लावायचाच नाही. मोठ्याचा हात लागला की होडी बाद. मी म्हटलं, मग मी तिथे कशाला? "तुम्ही असलात की मुलांना बरं वाटतं." म्हणजे मी शेगडी.

ब्रेनानं मागितली म्हणून दिली शेड. नातीला नाही म्हणणं मला जमत नाही. तिला ते ठाऊक आहे, तीच पंचाईत.

१० मार्च, रविवार

रंध्यांवर कापड टाकून ठेवलं. पुठ्ठ्याची धूळ वाईट.

१६ मार्च, शनिवार

नऊ पोरं आली. होडी नाही अजून. आधी म्हणे शेवयांचा पूल करायचा. कच्च्या शेवया घ्यायच्या, गरम गोंदानं चिकटवायच्या आणि मध्ये बादली टांगून एकेक बोल्ट टाकत बसायचं, पूल मोडेपर्यंत. मोडला की टाळ्या.

मी विचारलं, "मोडल्यावर टाळ्या?"

कॉमोबाई म्हणाल्या, "कुठे मोडला ते कळतं ना, काका. चुकूनच शिकतात."

आमच्याकडे चुकून शिकलेली माणसं चर्चमागच्या दगडावर आहेत. बुडालेल्यांची नावं कोरलेली. बाई मूळच्या इथल्या नाहीत, त्यांना काय. हात खिशात, तोंडही खिशात.

ब्रेनाचा पूल सगळ्यात जास्त टिकला. तिनं शेवया एकेकट्या लावल्या नव्हत्या, जुड्या करून त्रिकोण केले होते. मोडला तेव्हा ती हसली आणि लगेच खाली वाकून तुकडे बघायला लागली. सोळा वर्षांची आहे. तिचा मामा डॅरेल असाच वाकायचा.

२३ मार्च, शनिवार

आज खरी गोष्ट कळली. ही नुसती मजा नाही. शर्यतीनंतर परीक्षक एक पोर निवडणार आणि त्याला सगळा उन्हाळा हॅलिफॅक्सला विद्यापीठात ठेवून घेणार. राहणं, खाणं, शिकणं. आपल्या सगळ्या भागातून एकच जण.

जेवताना ब्रेना म्हणाली, "आबा, मला ते हवंय." मग पुन्हा, "मला दुसरं काहीच नकोय."

गेल — तिची आई, माझी मुलगी — म्हणाली, "मिळेल गं. तुला नाही तर कुणाला?" ताटातली आंबट कोबी तिकडून इकडे सारत म्हणाली. गेल आणि ब्रेना माझ्याकडेच राहतात. गेलची मासळी कारखान्यात पाळी असते. म्हणजे घरात बऱ्याचदा ब्रेना आणि मी.

हॅलिफॅक्स. डॅरेल तिथे गेला होता इंजिनिअर व्हायला. झाला. करंगळीत लोखंडी कडी घालून आला, सगळे इंजिनिअर घालतात तशी. आईला कडी दाखवली, दोन रात्री राहिला आणि पश्चिमेला तेलाच्या नळ्या आखायला गेला. आता नाताळला फोन येतो. "बाबा, तब्येत कशी?" तब्येत आहे.

हॅलिफॅक्सला पोरं पाठवायची आणि फोन घ्यायचे. हा आमचा धंदा.

६ एप्रिल, शनिवार

होड्या सुरू. सगळ्यांच्या होड्या म्हणजे कडा दुमडलेली खोकी. एकाची तर थेट शवपेटी. त्याला म्हटलं, "झाकण कुठाय?" बाईंनी बघितलं माझ्याकडे. हे सांगणं नव्हे, बाई, ही चेष्टा आहे. चेष्टेला नियम नाही.

शेजारचा बर्टन येऊन गेला. आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. दारात उभा राहून म्हणतो, "मर्व्या, लेका, पाऊस आला तर तुझा सगळा कारखाना लापशी होईल रे." पोरं हसली. मलाही हसू आलं, पण दाबलं.

१३ एप्रिल, शनिवार

ब्रेनाची होडी उंच आहे. फार उंच, अरुंद. आणि बुडाला भोक.

चुकून पडलेलं नाही. कापून केलंय, कडा नीट टेपनं मढवल्यात. अंगठा जाईल एवढं. मी विचारलं, हे काय. ती पेन्सिल घेऊन समजावायला बसली. मी म्हटलं, "राहू दे. पेन्सिलीनं होड्या तरंगत नाहीत."

तोंड एवढंसं झालं तिचं. पण पेन्सिल ठेवली नाही.

२७ एप्रिल, शनिवार

दोन पोरं भांडली. एकानं दुसऱ्याचा टेप लांबवला. बाई म्हणाल्या, बोलून मिटवा. तासभर बोलले. आमच्या वेळी एका फटक्यात मिटायचं आणि होडीही व्हायची.

ब्रेनानं वल्ही केली, पुठ्ठ्याचे सात थर एकावर एक, तंतू आडवे-उभे. माझ्या फळीवर टेकवून मी वाकवून बघितली. वाकली नाहीत. बघणं म्हणजे हात लावणं नव्हे. बाई बाहेर होत्या.

४ मे, शनिवार

रंग दिला. तिनं पिवळा निवडला. बरं झालं निळा नाही, निळा अपशकुनी, आमच्याकडे निळी होडी कुणी पाण्यात उतरवत नाही. होडीला नाव दिलंय, सांगत नाही. शर्यतीच्या दिवशी बघ म्हणते.

१० मे, शुक्रवार

उद्या शर्यत. दुपारी शेडमध्ये गेलो. घरी कुणी नव्हतं. पिवळी होडी पालथी पडलेली आणि ते भोक माझ्याकडे बघतंय.

बूच मारलं.

पाइनच्या तुकड्याचं तासलं, जरा निमुळतं, चरबीचं कापड गुंडाळून आत दाबलं. घट्ट. बाहेरून दोरीचा फास. आमच्या प्रत्येक डोरीच्या बुचाला तो असतोच. नाव उलटली तर पालथ्या बुडावर धरायला दुसरं काय असतं? त्या फासाला धरून माणसं जगलीत. हातानं आपोआप गाठ मारली.

भोकासकट होडी पाण्यात सोडू नये. एवढं तरी मला कळतं. नियमबियम बाईंचे.

११ मे, शनिवार

लिहितो. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

तलावावर सगळं गाव. क्लोरीनचा वास, गरम. बर्टन माझ्या शेजारी शेंगदाणे खात बसला होता. शवपेटीवाला पोरगा अर्ध्यात बुडाला, हसत बुडाला. दोन होड्या पार गेल्या. मग ब्रेना.

होडीचं नाव बाजूला लिहिलेलं. मर्विन. बर्टननं मला कोपर मारलं. "बघ रे, तुझ्यासारखीच अरुंद आणि ताठ."

ती आत बसली आणि वल्ही उचललीच नाहीत. नुसती बसून राहिली. खाली बघत होती, बाजूला बघत होती, कशाची तरी वाट बघितल्यासारखी. होडी पाण्यावर उंच, बाटलीसारखी डुलतेय. शिट्टी झाली. बाकीचे निघाले. ती अजून खालीच बघतेय. चेहरा पांढरा पडत गेला तिचा. मग निघाली, एक वल्हं मारलं, दुसरं मारलं, आणि होडी आडवी झाली. एका बाजूला कलली ती पुन्हा उठलीच नाही.

लोक हसले. वाईट नाही, सगळ्यांना हसले तसंच.

ब्रेना वर आली, श्वास घेतला, पालथ्या होडीला धरायला हात टाकला. हाताला फास लागला. तिनं बघितलं काय लागलं ते. मग फास ओढला. बूच हातात आलं. तशीच पाण्यात उभी राहिली, बूच हातात घेऊन, आणि वर बाकांकडे बघितलं. माझ्याकडेच बघितलं असं मी म्हणत नाही. बाकांकडे.

बर्टनचे शेंगदाणे थांबले. "मर्व्या," तो हळू म्हणाला, "गाठ तुझी आहे रे."

मी म्हटलं, अशी गाठ गावात कुणीही मारतो.

"कुणीही कुठला? मी आणि तू. आणि मी नाही मारली."

परीक्षकांनी बूच हातात घेऊन बघितलं. लाकूड, चरबी, दोरी. पुठ्ठा नाही, टेप नाही, पोराचा हातही नाही. होडी बाद.

१२ मे, रविवार

गेलनं ताट टेबलावर आपटलं. ब्रेना खाली आली नाही. चर्चला मी एकटा गेलो. तीन जणांनी खांद्यावर थोपटलं. थोपटणारे हात मला आवडत नाहीत.

१४ मे, मंगळवार

कॉमोबाई आल्या. बसल्या नाहीत.

म्हणाल्या, होडीला दोन बुडं होती. खालच्या आणि वरच्या बुडामध्ये मोकळी जागा. भोकातून त्या जागेत पाणी शिरायचं, हवा वरच्या नळीनं बाहेर जायची. मग उंच होडी पाण्यात खाली बसायची आणि तिच्या वर बाहेर फाकलेल्या बाजू पाण्याला टेकायच्या. टेकल्या की डुलणं बंद. रिकामी हलकी, वाहून न्यायला सोपी. पाण्यात उतरली की स्थिर. "मी ते तिला शिकवलेलं नाही, काका. कुणीच नाही. तिचं तिनं काढलं. परीक्षकांना मी हे सांगत होते तेव्हा ते बूच माझ्या हातात होतं."

मी म्हटलं, छान.

"कुणी केलं ते मला माहीत आहे. तुम्हालाही. तुम्ही येऊन सांगितलंत, की मुलीला न विचारता, तिच्या माघारी मोठ्या माणसानं हे केलं, तर ते तिला पुन्हा एक संधी देतील. मी विचारलंय त्यांना. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

"आणि मी नाही आलो तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग नाही आलात, असं मी ब्रेनाला सांगेन."

दार लावून घेतलं. चहा केला, प्यालो नाही.

१५ मे, बुधवार

बर्टन कुंपणावरून म्हणाला, "तुझ्या फासानं पोर वाचली असती रे, समुद्रात असती तर. पण तुझं बूच नसतं तर ती उलटलीच नसती. असं दुहेरी काम करणारा कारागीर तूच."

मी म्हटलं, स्वतःची हेरिंग मासळी बघ, खारात कुजतेय.

"बघतो. तू जा शाळेत."

१७ मे, शुक्रवार

गेल पाळीवर जायच्या आधी म्हणाली, "बाबा, डॅरेल गेला तेव्हा तुम्ही त्याला स्टेशनवर सोडायला आला नव्हतात. मी काही बोलले नाही. आई बोलली नाही. आता मी बोलतेय. ब्रेनाचं काही बिघडलं तर मी तिला घेऊन इथून जाईन. मग बसा शेडला कुलूप लावून."

आत्तापर्यंत अशी कधी बोलली नव्हती.

१८ मे, शनिवार

गेलो.

शाळेच्या खोलीत कॉमोबाई आणि दोन परीक्षक, गोदीतले इंजिनिअर, एक बाई एक बुवा. करंगळीत लोखंडी कड्या. ब्रेना खिडकीपाशी. मी उभाच राहिलो. म्हटलं, "बूच मी मारलं. मुलीला ठाऊक नव्हतं. मी होड्या बांधतो. बुडाला भोक दिसलं की हात जातो. विचारून जात नाही. बस, एवढंच."

इंजिनिअरबाई हसल्या. डोळे पुसले. "माझे आजोबाही असेच होते." बुवा म्हणाला, "आणि वर फासही बांधलात, तो तर कमालच." सगळे हसायला लागले. मी गोड म्हातारा झालो. खोलीभर गोड. मला कधी कुणी एवढं गोड म्हटलेलं नाही आणि कधी एवढी घाण वाटलेली नाही.

ब्रेना हसली नाही. बुटाची नाडी बांधत होती.

नवी होडी करायला तिला वेळ दिला. कॉमोबाई म्हणाल्या, "धन्यवाद, काका. सोपं नव्हतं ते." सोपंच होतं. त्यांना काय माहीत.

१ जून, शनिवार

नवी होडी. जुनी लगदा झाली. या वेळी रंग नाही, नावही नाही.

तलाव रिकामा, फक्त परीक्षक, बाई, गेल आणि मी. ब्रेनानं आधी दोन्ही बुडं दाखवली, नळी दाखवली, कागदावर काढून सांगितलं. आवाज कापत नव्हता. मग आत बसली. होडी डुलली, नळीतून फुसफुस आवाज आला, आणि हळूहळू खाली आली. कोंबडी अंड्यांवर बसते तशी बसली. ब्रेना एका बाजूला झुकली, दुसऱ्या बाजूला झुकली. शेवटी उभी राहिली, पुठ्ठ्याच्या होडीत, दोन्ही हात सोडून.

गेल रडली.

चांगली होडी होती. ते नाकारत नाही. मी अशी कधी बांधली नाही, डोक्यातही आली नाही.

८ जून, शनिवार

जागा तिला मिळाली. गेलनं फिशकेक तळले, जळाले, तरी खाल्ले. डॅरेलचा फोन आला, नाताळ नसताना. ब्रेनाशी बराच वेळ बोलला. मग माझ्याशी. "बाबा, मामाच्या वळणावर गेली की पोरगी!" मी म्हटलं, गेली.

२२ जून, शनिवार

शेड रिकामी. पोरांचे टेपचे तुकडे जमिनीला चिकटलेत, निघत नाहीत. कॉमोबाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी द्याल ना. बघू म्हटलं.

ब्रेना माझ्याशी नीट बोलते. फार नीट. दूध हवंय का आबा, पेपर आणू का आबा. पाहुण्याशी बोलतात तसं.

६ जुलै, शनिवार

गेली. गेलनं नेलं सोडायला.

निघायच्या आधी शेडमध्ये आली. पिशवी खांद्यावर. मी पटाशीला धार लावत होतो. म्हणाली, "आबा, एक विचारू?"

विचार.

"शर्यतीच्या आधी त्या बुधवारी मॉम कामावर होती. मी न्हाणीतल्या टबात छोटी होडी सोडून तुला दाखवली होती. भोकातून पाणी कसं शिरतं, मग ती कशी बसते. तू गुडघे टेकून बघत होतास. तूच म्हणालास, आता भोक बोटानं बंद करून सोड. मी सोडली. ती उलटली. तू म्हणालास, हं. बरोबर आहे तुझं."

मी धार लावत राहिलो.

"मी हे कुणाला सांगितलं नाही. मॉमला नाही, बाईंना नाही. सांगणारही नाही. मला फक्त तू सांग, का केलंस."

गेलनं बाहेरून भोंगा वाजवला. ब्रेना थोडी थांबली. मग गेली.

तिला सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही.